एडिसनच्या शेजारचा क्लब : स्काय ब्लू ते गॉथम

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या हद्दीला लागून असलेल्या पिस्कॅटवेत रटगर्स विद्यापीठाचं युरचॅक मैदान आहे. जेमतेम पाच हजार प्रेक्षक मावतील एवढंच. 2009 ते 2019 या काळात स्काय ब्लू एफसी हा व्यावसायिक महिला सॉकर संघ मुख्यतः इथेच खेळत होता. आज तो गॉथम एफसी या नावाने ओळखला जातो. एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या गप्पा क्रिकेटपलीकडे सहसा जात नाहीत, म्हणून ही शेजारची गोष्ट थोडी सविस्तर.

पहिलं विजेतेपद

2009 साली डब्ल्यूपीएस ही नवी महिला लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामात स्काय ब्लूने तीन प्रशिक्षक पाहिले. एक गेला, त्याच्या जागी आलेलीनेही पद सोडलं आणि शेवटी बचावपटू क्रिस्टी रॅम्पोनवर खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी आली. चौथ्या क्रमांकावरून बाद फेरीत पोचलेल्या या संघाने अंतिम सामन्यात लॉस एंजेलिस सोलला 1-0 असं हरवलं. गोल जवळच्याच ईस्ट ब्रन्सविकच्या हेदर ओ'रायलीचा. रॅम्पोन त्या वेळी गरोदर होती, हे नंतर कळलं.

2012 मध्ये लीगच बंद पडली. 2013 साली एनडब्ल्यूएसएल ही नवी लीग उभी राहिली, तेव्हा स्काय ब्लू तिच्या संस्थापक संघांपैकी एक होता.

मालक गव्हर्नर, संघ तळाला

फिल मर्फी हे क्लबचे त्या काळचे एक प्रमुख मालक. गोल्डमन सॅक्समधून निवृत्त झालेले, जर्मनीत राजदूत राहिलेले आणि जानेवारी 2018 मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर झालेले. त्याच 2018 च्या हंगामात संघाने 24 पैकी एकच सामना जिंकला, तोही अगदी शेवटचा. हार एक वेळ समजू शकते. पण त्या उन्हाळ्यात खेळाडूंच्या हालांच्या बातम्या आल्या : राहायला धड घरं नाहीत, सरावाच्या जागी आंघोळीची सोय नाही.

इथे अमेरिकी लीगची रचना लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो आणि मालकाला त्याचा आर्थिक फटका बसतो. इथे पदावनतीच नाही. उलट त्या काळच्या ड्राफ्ट पद्धतीत तळाच्या संघांना महाविद्यालयीन खेळाडू आधी निवडता यायच्या. म्हणजे हेळसांड करूनही मालकाचं फारसं बिघडत नव्हतं.

बिघडलं ते खेळाडूंमुळे. 2019 च्या ड्राफ्टमध्ये निवडलेल्या हेली मेस आणि ज्युलिया अ‍ॅशली या दोघींनी स्काय ब्लूकडून खेळायला चक्क नकार दिला. ‘क्लाउड 9’ या पाठीराख्यांच्या गटानेही मालकांना जाहीर जाब विचारला. हरणाऱ्या संघासाठी ढोल बडवायचे आणि त्याच संघाच्या मालकांशी भांडायचं, ही कसरत सोपी नव्हती. माझ्या मते क्लब सावरला तो या दोन दबावांमुळे. मालकांना उपरती झाली असेलही, पण नंतर.

2019 मध्ये सरव्यवस्थापक गेले. घरचे सामने हॅरिसनच्या मोठ्या स्टेडियमकडे न्यायचं ठरलं. 2021 मध्ये नाव बदलून गॉथम झालं. (खेळायचं जर्सीत आणि थाट न्यू यॉर्कचा, ही खोड जायंट्स आणि जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघांचीही आहेच.) पुढे कॅरोलिन टिश ब्लॉजेट मालकीत पुढाकार घेऊन आल्या. जायंट्सची सहमालकी असलेलं टिश घराणं ते हेच. बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंट आणि सू बर्ड यांनीही छोटे हिस्से घेतले.

तळातून वर

2022 मध्ये गॉथम पुन्हा शेवटचा. पण पुढच्याच वर्षी प्रशिक्षक हुआन कार्लोस अमोरोस यांच्या हाताखाली संघ सहाव्या क्रमांकावरून बाद फेरीत शिरला आणि 11 नोव्हेंबर 2023 ला ओएल रेनला 2-1 असं हरवून विजेता झाला. लिन विल्यम्स आणि एस्तेर गोन्सालेस यांचे गोल. प्रतिस्पर्धी मेगन रॅपिनो पहिल्या काही मिनिटांतच जखमी होऊन बाहेर. 2025 मध्ये आठव्या, म्हणजे बाद फेरीच्या शेवटच्या क्रमांकावरून गॉथमने पुन्हा करंडक उचलला. अंतिम सामन्यात वॉशिंग्टन स्पिरिटविरुद्धचा एकमेव गोल रोझ लॅव्हेलने केला.

ड्राफ्ट लीगने 2024 मध्ये कायमचा रद्द केला. आता कुठे खेळायचं ते खेळाडूच ठरवते.

सामन्याला जायचं तर

एडिसन स्टेशनवरून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी पकडून नेवार्क पेन, तिथून पाथ रेल्वेने पुढचंच स्टेशन हॅरिसन. तिथून स्टेडियम चालत काही मिनिटांवर. सुमारे 25 हजार आसनांचं हे स्टेडियम पुरुषांच्या रेड बुल्स संघासाठी 2010 मध्ये उघडलं, गॉथम तिथे भाडेकरू. युरचॅकवर मैदानाच्या कडेला उभं राहून खेळाडूंचा आरडाओरडा ऐकता यायचा, ते इथे नाही. पण गाडी न काढता जाता येतं, आणि खेळ कितीतरी सरस आहे.