अवटू ग्रंथी काढल्यानंतर

तंजावर जिल्ह्यात दिवसाचा आरंभ कॉफीने होतो. याच जिल्ह्यातील कुंभकोणम हे गाव तर ‘डिग्री कॉफी’साठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापिले. ते राज्य १८५५ साली संपुष्टात आले. परंतु तेथे स्थायिक झालेली मराठी घराणी आजही त्या परिसरात नांदत आहेत. अशा एखाद्या घरातील गृहिणीची अवटू ग्रंथी शस्त्रक्रियेने काढावी लागली, तर घरी परतल्यावर तिच्या पहाटेच्या रीतीत एक बदल होतो. उठल्याबरोबर कॉफीचा पेला हाती घेण्याऐवजी तिला पाण्याबरोबर एक लहानशी गोळी घ्यावी लागते आणि मग अर्धा ते एक तास थांबावे लागते. बदल छोटा आहे, पण तो जन्मभराचा आहे. त्यामागील कारण समजले, तरच तो मनापासून पाळला जातो.

ग्रंथीचे कार्य

अवटू ग्रंथी, म्हणजेच बोलीभाषेतील ‘थायरॉइड’, गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. अन्नातून मिळणारे आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. संप्रेरक म्हणजे रक्तातून दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचणारा रासायनिक निरोप. शरीरातील पेशींनी किती वेगाने काम करावे, हे या निरोपावरून ठरते. हृदयाची गती, शरीराची ऊब, पचन, त्वचा, केस, स्मरण आणि मनाची उभारी या सर्वांवर त्याचा प्रभाव असतो.

कर्करोग, श्वासनलिकेवर दाब आणणारा मोठा गलगंड किंवा ग्रंथीची अनावर अतिक्रियाशीलता अशा कारणांमुळे ही ग्रंथी पूर्णपणे काढावी लागते. ग्रंथी गेली तरी शरीराची गरज जात नाही. ती गरज आता बाहेरून भागवावी लागते.

अनुभवातून मिळालेले ज्ञान

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार उशिरा उमगली. स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत अतिशय निष्णात होते. आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा तपासणीसाठी बोलाविले, तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेले बहुतेक रुग्ण सुजलेले, मंदावलेले आणि खंगलेले दिसले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, पण जीवनाचा वेग हरपला होता. १८८३ साली कोखर यांनी हे निष्कर्ष प्रामाणिकपणे जगापुढे मांडले. या ग्रंथीविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

उपाय १८९१ साली सापडला. इंग्लंडमधील डॉक्टर जॉर्ज मरे यांनी, जिची अवटू ग्रंथी निकामी झाली होती अशा एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क दिला. ती सुधारली आणि पुढे सुमारे २८ वर्षे जगली. या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ साली अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले, तर १९२७ साली ब्रिटनमध्ये ते प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आले. आज बाटलीतून निघणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी ही त्या परंपरेची देणगी आहे. ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवीत होती, तेच या गोळीत असते. म्हणून ही गोळी एखादा आजार घालविण्यासाठी चार महिने घ्यावयाचे औषध नव्हे. ती शरीरातील उणीव रोजच्या रोज भरून काढते.

गोळी आणि कॉफी

गोळीतील थायरॉक्सिन आतड्यातून रक्तात शोषले जाते. पोट रिकामे असताना हे शोषण चांगले होते. कॉफी, न्याहारी किंवा सोयाबीनचे पदार्थ सोबत घेतल्यास गोळीचा काही भाग वाया जातो. कॅल्शियम, लोह आणि काही आम्लनाशक औषधे तर थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून धरतात; म्हणून त्यांच्यात आणि या गोळीत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे लागते. पहाटेची वेळ जमत नसेल, तर शेवटच्या जेवणानंतर निदान तीन तासांनी, निजण्यापूर्वी गोळी घेण्याचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच असावी.

गोळीला उष्णता, दमटपणा आणि प्रकाश मानवत नाही. तंजावरसारख्या उष्ण प्रदेशात तर ती मूळ बाटलीतच, घट्ट झाकण लावून, चुलीपासून व खिडकीतील उन्हापासून दूर ठेवणे आवश्यक ठरते.

धीराचे आठवडे

शस्त्रक्रियेनंतर गोळी सुरू झाली की दुसऱ्याच दिवशी पूर्ववत उत्साह वाटेल, अशी अपेक्षा अनेकांना असते. तसे घडत नाही. थायरॉक्सिन शरीरात सावकाश साचते आणि सावकाश ओसरते. त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलली, की नवी पातळी स्थिर होण्यास पाच-सहा आठवडे जातात. म्हणूनच डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी रक्ताची तपासणी करावयास सांगतात.

या तपासणीत टीएसएच हे प्रमाण पाहिले जाते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी रक्तातील थायरॉक्सिनवर सतत लक्ष ठेवते. थायरॉक्सिन कमी पडले की ती टीएसएच अधिक सोडते. जास्त झाले की ते घटविते. सामान्यतः वाढलेले टीएसएच मात्रा अपुरी असल्याचे आणि घटलेले टीएसएच मात्रा अधिक असल्याचे सुचविते.

मात्रा अपुरी असेल तर थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, वजन वाढणे आणि उदासी जाणवते. तंजावरच्या उन्हाळ्यातही अंगावर शाल घ्यावीशी वाटते. मात्रा अधिक झाली तर छातीत धडधड, हातांना कंप, घाम आणि निद्रानाश होतो. दीर्घकाळ तसेच राहिल्यास हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. उदास किंवा सुस्त झालेल्या रुग्णाला आळशी ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होय. या काळात कुटुंबीयांच्या समजुतीचा मोठा आधार असतो.

एक लक्षण मात्र वेगळे आहे. अवटू ग्रंथीच्या मागे चार चिमुकल्या परावटू ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का पोहोचला तर ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, स्नायू आखडतात. अशा वेळी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

काही गैरसमज

बरे वाटू लागले की गोळी थांबविता येते, हा पहिला गैरसमज. गोळी चालू असते म्हणूनच बरे वाटत असते. ती बंद केल्यावर त्रास लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसतो. त्यामुळे चूक ध्यानात येण्यास उशीर होतो.

दुसरा गैरसमज आयोडीनयुक्त मिठाविषयीचा आहे. ते मीठ सर्वांसाठी हितकारक आहे, यात शंका नाही. परंतु आयोडीनपासून संप्रेरक बनविणारी ग्रंथीच उरली नसेल, तर ते मीठ गोळीची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा गैरसमज तुलनेतून जन्मतो. शेजारणीची गोळी ५० मायक्रोग्रॅमची आणि आपली १०० ची, म्हणून आपला आजार मोठा, असे नव्हे. मात्रा वजन, वय, हृदयाची स्थिती आणि शस्त्रक्रियेचे कारण पाहून ठरते. कर्करोगानंतर काही रुग्णांत ती जाणूनबुजून थोडी अधिक ठेवतात. गरोदरपणात तर गरज लवकरच वाढते. म्हणून गर्भधारणा कळताच डॉक्टरांना भेटावे लागते.

एकादशी असो वा अन्य उपवास, ही गोळी चुकवावयाची नसते. ती पाण्याबरोबरच घ्यावयाची असते. एखादा दिवस विसर पडल्यास घाबरण्याचे कारण नाही, पण डॉक्टरांना न विचारता दुप्पट मात्रा घेणेही योग्य नाही.

नोंदवहीचे महत्त्व

या सर्व शिस्तीला एका साध्या वहीची जोड मिळाली, तर काम सोपे होते. तपासणीची तारीख, टीएसएचचे प्रमाण, गोळीची मात्रा आणि जाणवलेली लक्षणे एवढे लिहिले तरी पुरे. तंजावरला अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. दुसरे सरफोजीराजे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत ‘धन्वंतरी महाल’ उभारून देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाला एकत्र आणले. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. रुग्णाची स्मृती फसवू शकते, लिहिलेली ओळ सहसा फसवीत नाही, हे त्या राजवैद्यांना ठाऊक होते. कोखर यांनाही जुन्या रुग्णांकडे पुन्हा वळून पाहिल्यामुळेच सत्य गवसले.

अवटू ग्रंथी नसतानाही माणूस शेतात राबू शकतो, शाळेत शिकवू शकतो, बाळाला जन्म देऊ शकतो आणि म्हातारपण पाहू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी हे जवळजवळ अशक्य होते. आज त्यासाठी नेमाने घेतलेली एक गोळी, वेळेवर केलेली तपासणी आणि थोडा धीर पुरतो. कॉफी तेवढी अर्ध्या तासाने घ्यावी लागते.