वॉरंबंगलच्या डोंगरवाटा

पाठीवर शिदोरी बांधून रानावनांतून पायी हिंडण्याची ऑस्ट्रेलियातील लोकांना मोठी आवड आहे. अशा भटकंतीसाठी प्रसिद्ध असलेले एक स्थळ म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्यातील वॉरंबंगल डोंगर. कूनाबाराब्रान या गावाच्या पश्चिमेस ते पसरलेले आहेत. 'वॉरंबंगल' हा गामिलराय या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'वाकडेतिकडे डोंगर' असा सांगतात. दुरून ही शिखरे पाहिली, म्हणजे नावाची सार्थता पटते.

हे डोंगर एका विझलेल्या ज्वालामुखीचे अवशेष होत. सुमारे 1 कोटी 70 लाख ते 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या काळात येथे वारंवार उद्रेक झाले. राख व लाव्हारस यांचे थर साचून ढालीच्या आकाराचा विस्तीर्ण पर्वत तयार झाला. उद्रेक थांबल्यावर ज्वालामुखीच्या नळ्यांत आणि भेगांत राहिलेला लाव्हारस थिजून कठीण खडक बनला. पुढे ऊन, वारा व पाऊस यांनी भोवतालचा मऊ भाग झिजवून नेला आणि आतील खडक तेवढा उरला. नळीत थिजलेल्या खडकाचा सुळका झाला, तर भेगेत थिजलेल्या खडकाची उभी भिंत झाली. अशीच एक भिंत 'ब्रेडनाइफ', म्हणजे पाव कापण्याची सुरी, या नावाने ओळखली जाते. ती सुमारे 90 मीटर उंच असली, तरी तिची जाडी फारच थोडी आहे.

या भिंतीच्या पायथ्याजवळून उंच माथ्यांकडे जाणारी वाट पदयात्रींना विशेष प्रिय आहे. प्रथम ती ओढ्याकाठच्या निलगिरीच्या रानातून जाते; मग चढ आणि पायऱ्या लागतात. माथ्यावर पोहोचताच चहूकडचे सुळके व घुमट एकदम दृष्टीस पडतात. मात्र उन्हाळ्यात येथे कडक ऊन असते आणि ओढे आटतात. म्हणून जाणता पदयात्री पुरेसे पाणी बरोबर घेतो, आपण कोठे जाणार व केव्हा परतणार हे कोणास तरी सांगून निघतो आणि आखलेली वाट सोडत नाही. ब्रेडनाइफवर चढण्यास तर मनाईच आहे.

वाट न सोडण्याचा नियम केवळ माणसाच्या सुरक्षिततेसाठी नाही. 1953 साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. 2013 च्या जानेवारीत लागलेल्या भीषण वणव्यात उद्यानाचा बहुतेक भाग होरपळला आणि परिसरातील पन्नासहून अधिक घरे भस्मसात झाली. लवकरच मुसळधार पाऊस कोसळला. मातीला धरून ठेवणारे गवत व झुडपे जळून गेली होती. त्यामुळे उतारांवरील माती लोंढ्यांबरोबर ओढ्यांत वाहून गेली. पुढे निलगिरीच्या करपलेल्या सालीखाली दडलेले अंकुर फुटले आणि काळी खोडे पुन्हा हिरवी झाली. झाडे अशी सावरतात. परंतु डोंगरावर मातीचा नवा थर साचण्यास शतकानुशतके लागतात.

कोट्यवधी वर्षे टिकलेला खडक माणसाच्या पावलांनी झिजत नाही. त्यावरील पातळ माती मात्र वाटेबाहेर पडलेल्या पावलांनी उखडते, आणि पहिल्याच पावसात वाहून जाते. डोंगराची खरी आवड ज्याला असते, तो त्या मातीलाही जपतो.