साखर सोडली, बिडी कधी सोडणार?

आपल्या समाजाच्या कोणत्याही बैठकीला जा. हल्ली चहा दोन थर्मासमध्ये येतो, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा. पन्नाशी ओलांडलेले बरेच कार्यकर्ते दुसऱ्या थर्मासकडे वळतात. "आपल्याला शुगर आहे" हे असे सांगतात की जणू एखादे पदच मिळाले आहे. मग तोच बिनसाखरेचा कप घेऊन विहाराच्या फाटकाबाहेर जातात आणि बिडी शिलगावतात. चमचाभर साखर टाळल्याचे समाधान आणि त्यावर दोन बिड्या! मधुमेही माणसाने सोडायच्या गोष्टींमध्ये तंबाखूचा नंबर साखरेइतकाच, किंबहुना काकणभर वरच लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

मधुमेह हा आता शेठसावकारांचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दाखवले. त्यात आपल्या वस्त्या नाहीत असे समजण्याचे काही कारण नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता न ओढणाऱ्यापेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असते. आणि एकदा मधुमेह झाल्यावरही माणूस ओढतच राहिला तर निकोटिनमुळे इन्सुलिनचे काम अडते, गोळ्या घेऊनही साखर आटोक्यात येत नाही. मग डॉक्टर बदलले जातात, कारल्याचा रस सुरू होतो, कुणी सांगितलेला पाला आणला जातो. खिशातला बंडल तेवढा जागेवर राहतो.

सर्वात आधी किंमत मोजतो तो पाय. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. खिळा टोचला, चप्पल लागली, गरम पाणी पडले तरी कळत नाही. त्याच वेळी पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होत असतात, म्हणून झालेली जखम भरत नाही. तंबाखू याच रक्तवाहिन्या आणखी आवळते. जखम चिघळते, बोट काळे पडते. आधी बोट जाते, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. हातावर पोट असलेल्या घरात कमावत्या माणसाचा पाय जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मुलीचे कॉलेज सुटते आणि मुलगा पुस्तके ठेवून कामाला लागतो.

या ठिकाणी मला आपल्या सफाई कामगारांविषयी बोलायचे आहे. गटारात, कचऱ्यात, ओल्या घाणीत दिवसभर उभे राहणारे हे पाय. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून बिडी, नाहीतर तंबाखूची गोळी, आणि संध्याकाळी दारू. हा शौक नाही, या कामाने लावलेली सवय आहे. जातीने वाट्याला आलेल्या कामाने माणसाला तंबाखू दिली आणि आता तंबाखू त्याचा पाय मागते आहे. गमबूट, हातमोजे आणि नियमित आरोग्य तपासणी मिळालीच पाहिजे, त्यासाठी ठेकेदार आणि पालिका या दोघांनाही धारेवर धरले पाहिजे. पण युनियनच्या सभेत गमबुटाची मागणी करणाऱ्या वक्त्याने "ज्यांना शुगर आहे त्यांनी आजपासून बिडी बंद करा" हे वाक्यही उच्चारले पाहिजे. ते उच्चारताना मी अजून कुणाला ऐकलेले नाही.

बिडी हा आपल्याकडे नाजूक विषय आहे, कारण बिडीवर आपली घरे चालली. भंडारा, गोंदिया, कामठी या भागांत बिड्या वळून पोट भरणाऱ्यांत आपली माणसे होती. 'जय भीम' हा अभिवादनाचा घोष रूढ करणाऱ्या कामठीच्या बाबू हरदासांनी बिडी कामगारांची संघटना बांधली ती याच कारणाने. १९३९ साली, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, क्षयाने त्यांचा बळी घेतला. बिडी वळणाऱ्याच्या मजुरीसाठी लढणे हा आपला वारसा आहे. बिडी ओढणे हा नाही. "गरिबाची बिडी" म्हणून तिला सहानुभूती देणारे सरकार गरिबाचे हित पाहते असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा तर निव्वळ भ्रम आहे. ती सारखी विझते म्हणून जोरजोरात झुरके घ्यावे लागतात आणि त्यातून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच छातीत जाते.

आमच्यातले काही पंडित विचारतात, "पाचव्या शीलात तंबाखू कुठे आहे?" नाही, शब्दशः नाही. असणार कशी? तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आली, तथागतांनंतर दोन हजार वर्षांनी! परंतु कायद्याचा अर्थ लावताना आम्ही वकील त्याचा हेतू पाहतो, नुसता शब्द नव्हे. पाचवे शील प्रमादाच्या कारणांपासून दूर राहायला सांगते. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. साखर २५० आली हे रिपोर्टात वाचून तोच कागद खिशात बंडलाशेजारी ठेवणे, याला गाफीलपणा नाही तर काय म्हणायचे? बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती त्रास दिला हे चरित्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या काळी घरात साखर मोजायचे यंत्र नव्हते, औषधेही मोजकीच होती. आज हे सारे हाताशी आहे.

तरीही नुसत्या प्रतिज्ञेने बिडी सुटत नाही. दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर बंडल फेकून आलेला माणूस आठवड्यात पुन्हा टपरीवर दिसतो, आणि मग लोक त्याला हसतात. हसू नये. निकोटिनची तलफ शरीराला लागलेली असते, तिला उपाय लागतो.

मधुमेह्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बिडी सोडल्यावर पहिल्या दिवसांत घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते, डोके दुखते. साखर एकदम उतरली तरी बरेचसे असेच होते. म्हणून घाबरून पेढा तोंडात टाकण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. खरोखरच उतरली असेल तर साखर घ्यावी, नाहीतर पाणी प्यावे आणि पाच-दहा मिनिटे काढावीत, तलफ ओसरते. यंत्र जवळ नसेल तर मात्र साखर उतरली असेच समजावे. काही आठवड्यांत हा त्रास बराच कमी होतो. भूक वाढते, वजन थोडे वाढते, सुरुवातीला साखरही वर जाऊ शकते. म्हणून "बिडी सोडली आणि शुगर वाढली" असा प्रचार करत परत फिरू नये. पुढे शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देऊ लागते, तेव्हा औषध कमी करावे लागू शकते. ते डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही. निकोटिनची गोळी मिळते. ती सतत चघळायची नसते, थोडी चावून गालात धरायची असते. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बिडी सोडून खर्रा धरणे, गुटखा धरणे किंवा मशेरी लावणे म्हणजे सोडणे नव्हे. निकोटिन तेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे टपरीवाला जाणतो. "दिवसाला एकच ओढतो" हीही पळवाट आहे. दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा एका सिगारेटने वाढतो. मधुमेह्याचे हृदय आधीच धोक्यात असते.

वर्षावासात तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन चालते, माणसे नियमाने जमतात. तिथे एक ग्लुकोमीटर ठेवावा. ज्यांना सोडायचे आहे त्यांनी जोडी-जोडीने सोडावे, दर रविवारी साखर आणि न ओढलेले दिवस वहीत लिहावेत. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ पाकिटावरच छापलेला असतो. जो पाकीट रोज हाताळतो, त्याने तो कधीतरी फिरवून पाहावा.

सरकारी दवाखान्यात राज्याने ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. तिथे मधुमेहाच्या गोळ्या देणाऱ्याने "बिडी ओढता का?" हे विचारून केसपेपरवर लिहिले पाहिजे. तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवणारे केंद्र असणे अपेक्षित आहे. तुमच्या जिल्ह्यात ते कोणत्या खोलीत आहे, आठवड्यातून किती दिवस उघडते, समुपदेशकाचे पद भरलेले आहे काय आणि गेल्या वर्षी किती मधुमेही तिथे पाठवले गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे, न आल्यास पहिले अपील करा.