नव्या बॅटची मशागत

गेल्या डिसेंबरात भारतवारीहून परतताना चिरंजीवांसाठी बॅट आणली. इंग्लिश विलोची, मीरतमध्ये घडवलेली. वेष्टनावर 'खेळण्यास तयार' असे लिहिलेले वाचून मी निश्चिंत झालो आणि पहिल्याच सरावात एका यॉर्करने बॅटच्या टोकाला बोटभर चीर पाडली. चिरंजीव रडले नाहीत, पण घरी येईपर्यंत गाडीत बोललेही नाहीत. अभियांत्रिकीची डॉक्टरेट असलेल्या बापाने लाकडाचा विचार करायला हवा होता!

विलो हलके आणि मऊ लाकूड. कारखान्यात ते रोलरखाली दाबतात, पण दाब मुख्यतः सपाट भागावर पडतो. कडा आणि टोक कच्चेच राहतात. हळूहळू ठोकत गेले की वरचे तंतू दाबले जाऊन एक घट्ट थर तयार होतो. एकदम जोरात मारले तर तेच तंतू फाटतात.

आधी तेल. लागते कच्चे जवसाचे. इथे हार्डवेअरच्या दुकानात 'बॉइल्ड लिनसीड ऑइल' चटकन हाती येते, ते नको. लवकर वाळावे म्हणून त्यात सहसा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. चमचाभर तेल पुढच्या बाजूला, कडांना आणि टोकाला चोळावे, बॅट रात्रभर आडवी ठेवावी, दुसऱ्या दिवशी आणखी एक हलका हात. दांडा जिथे पात्यात बसवलेला असतो त्या सांध्याला मात्र तेल लावू नये, तिथला गोंद सैल होतो. आणि मंडळी, तेलाचे फडके चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा.

मग लाकडी हातोडा. आरंभी टिचकीइतका, मग वाढत्या जोराने, एका वेळी 10-15 मिनिटे, एकूण साधारण 6 तास. कडांवर तिरके घाव घालून त्या गोल कराव्यात. कडेवर किंवा टोकाच्या तळावर सरळ घाव कधीच नको. (हे काम तळघरात करावे. आमच्या सौभाग्यवतींना तिसऱ्या दिवसापासून डोके दुखू लागले.) शेवटी जुन्या चेंडूने हलके फटके मारून पाहावेत. शिवणीचे खोल वण उठले तर पुन्हा हातोडा.

एवढे करूनही पुढच्या बाजूला केसासारख्या रेषा पडतातच, त्यांना घाबरू नये. कडेचा पापुद्रा सुटला तर सुतारी गोंद भरून रात्रभर शिकंजात आवळावा, घासावा आणि वर फायबरची पट्टी चिकटवावी. ओल्या गवतावर टोक आपटत उभे राहू नये, लाकूड फुगते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत आणि हिवाळ्यात हीटरच्या झरोक्याजवळ बॅट ठेवू नये. सांधाच हलू लागला तर मात्र जाणत्या कारागिराकडे न्यावी.

आमच्या बॅटची चीर मी अशीच गोंदाने भरली, टोकाला रबरी पट्टी बसवली आणि फेब्रुवारीभर रोज संध्याकाळी ठोकत बसलो. पहिला आठवडा एकट्याने. नंतर चिरंजीव स्वतःच हातोडा घेऊन खाली येऊ लागले.