अमावास्येचे आकाश आणि धूर



दिवाळीच्या सुटीनंतर आठवीतला एक विद्यार्थी माझ्याकडे फोटो घेऊन आला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गौलीगुड्यातल्या आपल्या गच्चीवरून त्याने कृत्तिका टिपल्या होत्या. अमावास्येला चंद्र नसतो, म्हणून रात्र मुद्दाम निवडलेली. पण फोटोत पिवळट-करडे आभाळ आणि जेमतेम चार ठिपके. “सर, कॅमेराच खराब आहे.” कॅमेरा चांगला होता. खराब केले ते धुराने.

धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे असतात. ताऱ्याचा प्रकाश ते वाटेतच विखुरतात, त्यातही निळा जास्त. (मराठी पुस्तकांत याला विकिरण म्हणतात. माझ्या हिंदी पुस्तकात प्रकीर्णन होते आणि विकिरण म्हणजे भलतेच काही! माझा सुरुवातीला फार गोंधळ होई.) कृत्तिकांचे ठळक तारे नेमके निळे. वर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड हेच कण पुन्हा खाली पाठवतात. शटर जास्त वेळ उघडे ठेवले तर ताऱ्याबरोबर आभाळही उजळते, त्यामुळे फायदा होत नाही.

फटाक्यांचा धूर वारा असला की लवकर विरतो. वणव्याचा फार दूर जातो. सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातल्या जंगलांच्या आगीचा धूर अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडवर पोचला आणि तेथे सूर्य चक्क निळा दिसला. त्या धुराचे कण साधारण एकाच मापाचे व थोडे मोठे होते, म्हणून तांबडा प्रकाश जास्त अडला. एरवी उलट घडते, चंद्र तांबूस दिसतो. आपल्याकडे नल्लमलाच्या जंगलात उन्हाळ्यात वणवे लागतात, शेतांत भाताचे काडही जाळतात.

याच हैदराबादेत, बेगमपेठच्या निजामिया वेधशाळेने काचेच्या प्लेटांवर आकाशाचे फोटो काढून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या आहेत. जगातल्या अनेक वेधशाळांनी वाटून घेतलेल्या कामातला तो आपला वाटा. पुढे १९६८ मध्ये ४८ इंची दुर्बीण बसवली ती मात्र शहराबाहेर, रंगापूरला.

गच्चीवरून फोटो काढायचाच असेल तर पाऊस पडून गेल्यावर किंवा वाऱ्याच्या रात्री काढा. तारा क्षितिजाजवळ असताना नको, माथ्यावर येऊ द्या. तेथे मधली हवा सर्वांत कमी असते. कृत्तिका आपल्या गावात जवळजवळ डोक्यावरूनच जातात.

त्या मुलाने पुढच्या अमावास्येला पुन्हा फोटो काढला. या वेळी अकरा तारे आले. दोन्ही फोटो कार्यालयाबाहेरच्या फलकावर शेजारी शेजारी लावले आहेत.