स्काउटिंग शीट: मत नको, मोजणी हवी

आजचा भाग रोबोटवर नाहीये. स्टँडमध्ये बसून मॅच बघणाऱ्या मुलाच्या हातातल्या कागदावर आहे.

फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी. हिची भारतातली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झालेली आहे, म्हणजे ठाणे-डोंबिवलीच्या टीमला तशी जवळच. मॅच अडीच मिनिटांची: पहिले 30 सेकंद रोबोट आपला आपण चालतो, मग 2 मिनिटं मुलं चालवतात. मैदानात दोन विरुद्ध दोन. साखळी फेरीत जोडीदार ठरवून दिलेला असतो, पण बाद फेरीआधी वरच्या टीम्स आपला जोडीदार स्वतः निवडतात. विचार करायला वेळ फार नसतो. अख्ख्या सीझनची मेहनत तिथे अडकलेली, आणि हातात काय, तर ही शीट.

आणि शीटवर काय असतं? 'रोबोट कसा वाटला, 1 ते 5'. हे आधी काढून टाका. एकाचा 4 म्हणजे दुसऱ्याचा 2. आपल्याकडच्या टेनिस बॉल मॅचचा स्कोरर 'बॅट्समन बरा होता' असं लिहितो का? तो प्रत्येक बॉल लिहितो, डॉटसुद्धा.

तो डॉटच महत्त्वाचा आहे. 2024-25 च्या 'इन्टू द डीप' गेममध्ये ठोकळा वरच्या बास्केटमध्ये टाकला की 8 गुण, क्लिप लावून वरच्या दांड्यावर अडकवला की 10. आता नुसतं 'बास्केट 4' लिहिलं, तर 4 पैकी 4 की 9 पैकी 4? पहिला रोबोट भरवशाचा. दुसरा चपळ, पण माल सांडतो. म्हणून चौकोन दोन हवेत: प्रयत्न किती, जमले किती. त्या गेममध्ये शेवटी लटकायचं होतं, तिथेही तेच. 'प्रयत्नच नाही' वेगळं, 'लटकताना पडला' वेगळं.

ओपीआर नावाचा तयार आकडाही मिळतो, जोडीच्या स्कोअरमधून गणिताने काढलेला एकेका टीमचा वाटा. पण पाच-सहा मॅचवरून काढलेल्या आकड्यावर मी तरी जोडीदार निवडणार नाही.

शीट झाली की यूट्यूबवर जुनी मॅच लावा. कल्याणहून लोकलमध्ये सीट मिळाली तर तिथेही जमतं. दोघांनी एकच रोबोट बघायचा, एकमेकांचं न बघता लिहायचं. आकडे जुळले नाहीत तर मुलांना ओरडू नका, चौकोन नीट नाहीये. ठोकळा उचलतानाच निसटला, तर तो प्रयत्न धरायचा का? काय ते ठरवा आणि त्या चौकोनाखालीच एका ओळीत लिहून टाका.