एक्स-रेला न दिसणारी झीज

गुडघेदुखीत एक्स-रे शक्यतो रुग्णाला उभं करून काढतात. हाडांच्या टोकांवरची कूर्चा एक्स-रेत उमटतच नाही. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यातली काळी फट किती उरली, यावरून तिचा अंदाज बांधायचा. पायावर भार आला की ही फट खरी किती, ते उघड होतं.

केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरून झीज मोजायला १९५७ मध्ये मांडलेली ० ते ४ ही श्रेणी आजही चालते. ४ म्हणजे फट जवळपास बुजलेली, कडांना हाडाचे मोठे काटे फुटलेले.

एमआरआयमध्ये कूर्चा थेट दिसते. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या चित्रात तिच्याखालच्या हाडातल्या मज्जेचे बिघाड पांढऱ्या डागांसारखे उठून दिसतात.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या २०१२ मधल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेले ७१० जण होते. एक्स-रेत कुणालाही गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, नव्हता. एमआरआयमध्ये मात्र ८९ टक्के जणांत काही ना काही बिघाड निघाला, ६९ टक्क्यांत कूर्चेला इजा होती. बहुतेकांचा गुडघा दुखतही नव्हता.

म्हणूनच डॉक्टर नुसत्या एमआरआयवर निदान करत नाहीत. वय, दुखणं आणि तपासणी आधी पाहतात.